पाकीट घरी गेलं की ते तिचं राहत नाही

लेखात म्हटलंय की गरोदर बाईला आहार देण्यापेक्षा थेट खात्यात पैसे टाका, मला नाही पटलं. पैसे आले की आधी वाण्याची उधारी, नि अंगणवाडीतून घरी नेलेलं टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं पाकीट म्हणाल तर ते पोरांत वाटलं जातं, बाईच्या ताटात उरलंसुरलं. म्हणून आदिवासी भागातली २०१५ ची अमृत आहार योजना बरी वाटते, अंगणवाडीतच बसून गरम जेवण, भाकरी, वरणभात, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, ती स्वतः खाते हे दिसतं तरी. पण ते दिवस गेल्यावरच सुरू होतं, खरी गोची तिथेच आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पालेभाज्या, फळं, दूध घातलेला खाऊ रोज देऊन अभ्यास झाला होता, २०१४ ला छापून आला, त्यात सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर बाळांच्या वजनात फारसा फरक नाही, पण दिवस जायच्या किमान ३ महिने आधीपासून ज्यांना तो खाऊ मिळत होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली! आणि अगदी हडकुळ्या बायकांना तेवढाही फायदा नाही. मग नव्या सुनेला लग्न झाल्या झाल्या का नाही देत हे जेवण? नोंदणीच मुळात दिवस गेल्यावर होते आपल्याकडे.