लाल पंख दिसला म्हणजे नुप्टाच, असं नाही

अंडरविंग पतंग, म्हणजे बसल्यावर ठळक रंगाचे मागचे पंख पुढच्या पंखांखाली झाकणारे पतंग, ओळखण्याचा एक तक्ता पतंगप्रेमींमध्ये भराभर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: मागच्या पंखांचा रंग पाहिला की जात कळली. लाल म्हणजे कॅटोकाला नुप्टा, निळा म्हणजे फ्रॅक्सिनी, पिवळा असला तरी गट कॅटोकालाच. पुढचे पंख सगळ्यांचे सारखेच राखाडी, ते बघू नका. आणि पतंग ज्या झाडावर बसलेला, तेच त्याच्या अळीचं खाद्य. नवे निरीक्षक हे पाठ करून चुकीच्या नोंदी करतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

निळ्याचं खरं आहे. काळ्या मागच्या पंखावर निळसर पट्टा असलेला युरोपातला कॅटोकाला फ्रॅक्सिनीच.

लाल रंगाचं तसं नाही. युरोपातच नुप्टा, इलेक्टा, स्पॉन्सा, प्रॉमिसा या सगळ्या कॅटोकाला जातींचे मागचे पंख लाल-गुलाबी असतात. इथे रंगापेक्षा काळ्या पट्ट्याकडे बघायचं. स्पॉन्साचा मधला पट्टा ठळक कोन घेत नागमोडी जातो, प्रॉमिसाच्या पट्ट्याला जेमतेम बाक असतो. पतंग जुना झाला की लाली फिकटते. पट्ट्याचा आकार मात्र टिकतो.

पुढचे पंख बघू नका, हा सल्ला तर सर्वांत घातक. उत्तर अमेरिकेतल्या विडुआ, रेसिड्युआ, रेटेक्टा या कॅटोकाला जातींचे मागचे पंख काळे. फरक शोधायचा तो पुढच्या पंखांवर: विडुआवर जाड काळ्या रेघा, रेसिड्युआ जवळजवळ साधा राखाडी. एकाच जातीत नक्षी बदलते हेही खरं, इलिया त्यात प्रसिद्ध आहे. म्हणून मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका, आडव्या रेषा आणि पंखाच्या मुळाशी असलेली रेघ, सगळं एकत्र बघावं लागतं. शिवाय स्वस्थ बसलेल्या पतंगाचे मागचे पंख झाकलेलेच असतात. फोटो आधी तसाच घ्या.

पिवळ्याचं थोडक्यात: नॉक्टुआ प्रोनुबा हा कॅटोकाला नव्हेच, त्याचं कुळही वेगळं. १९७९ मध्ये तो कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात आढळला आणि पुढे त्या खंडभर पसरला. त्याच्या पिवळ्या पंखाला कडेजवळ एकच काळा पट्टा असतो; पिवळ्या कॅटोकालांमध्ये बहुधा मधे आणखी एक असतो.

राहिलं झाड. नुप्टाची अळी विलो आणि पॉप्लरवर वाढते, पण प्रौढ पतंग भिंतीवर, कुंपणावरही बसलेला सापडतो. स्पॉन्सा आणि प्रॉमिसा यांच्या अळ्या तर दोन्ही ओकवरच वाढतात. अळीचं झाड नक्की कळलं तरी त्या दोघांमधला निवाडा काळा पट्टा पाहूनच करावा लागतो.