वाढत्या अंगाचा पीसी

आमच्या घरात प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घेतात. पाचवीत शिवलेली खाकी पँट मी खालची दुमड बोटबोट उसवत आठवीपर्यंत चालवली. त्यामुळे दहावी संपल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, गेमिंग पीसी असा घेऊ की पुढे अपग्रेड करता आला पाहिजे," तेव्हा घराण्याचं रक्त बोललं म्हणून मला भरून आलं. बजेट ठरलं ७० हजार, मॉनिटरसकट. 'सकट'वर मी दोनदा जोर दिला होता.

पुण्याच्या तपकीर गल्लीत स्कूटरला जागा शोधण्यात अर्धा तास गेला. दुकानदार तिशीचा असेल. मला 'काका' म्हणाला, मुलाला 'भाई', आणि पुढचं बोलणं त्या दोघांतच झालं. (दुकानात एकही अपमानकारक पाटी नव्हती. मी शोधली.)

"एएम फोर सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या खोबणीत, रायझन ५६०० प्रोसेसर स्वस्तात बसेल. पण तो सॉकेट २०१६चा, पुढच्या पिढीचा प्रोसेसर त्यावर चढणार नाही. एएम फाइव्ह २०२२चा. २०२७पर्यंत तरी चालवू असं कंपनीने सांगितलंय. फक्त रॅम नव्या पिढीची, डीडीआर फाइव्हच लागते."

पुढे येणाऱ्या गोष्टीचे पैसे आधी मोजायचा मला अनुभव आहे. मेट्रो येणार म्हणून आम्ही वनाजजवळ फ्लॅट घेतला. मेट्रो आली २०२२ला, तोवर आमच्या एजंटचे केस पिकले होते. तरीही मी एएम फाइव्हला मान डोलावली. रक्त, दुसरं काय.

रॅमच्या वेळी मात्र मी तोंड उघडलं. "सोळा जीबीची एकच स्टिक घेऊ. दुसरी दिवाळीत."

"चालेल की काका. पण ड्युअल चॅनलला, म्हणजे दोन वाटांनी एकदम डेटा न्यायला, जोडी लागते. एका बैलावर नांगर धरल्यासारखं होईल."

"मग आठ-आठच्या दोन. दोन खाचा उरतात, त्या पुढे भरू."

"डीडीआर फाइव्हमध्ये चारही भरल्या की बहुतेकदा स्पीड उतरतो."

म्हणजे त्या रिकाम्या खाचा भरायच्या नव्हत्या, नुसत्या बघायच्या होत्या. सोळा-सोळाच्या दोन घेतल्या.

खरा घात मॉनिटरने केला. मी १०८०पीवर, म्हणजे कमी पिक्सेलच्या पडद्यावर, बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, ग्राफिक्स कार्ड तीन वर्षांत बदलू, पण मॉनिटर दहा वर्षं राहतो. १४४०पीच घेऊ." पटलं. त्यावर दुकानदाराने आकडेमोड केली: तिकडे वीस लाख पिक्सेल, इकडे छत्तीस लाखांच्या वर. पावणेदोन पट काम, म्हणजे कार्ड वरचं हवं. कार्ड वरचं म्हणजे पॉवर सप्लाय साडेसहाशे वॉटचा हवा, आणि कार्ड लांब म्हणून कॅबिनेटही लांब. पँट मापाची झाली तशी बेल्ट, बूट, मोजे असं करत करत सत्तरचे पंच्याण्णव झाले. शेवटी मी १०८०पीवर परत आलो, पण कार्ड, सप्लाय आणि कॅबिनेट वरचंच राहिलं. ते कसं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

घरी जोडणी झाली. पडदा उजळला, गेम उतरवला आणि सुरू केला, तर नायक पावलापावलाला थबकत चालला, लक्ष्मी रोडवर गणपतीच्या खरेदीला निघाल्यासारखा. मुलाने सेटिंग उतरवली, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकला. मी दुकानदाराला मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलून घेतलं.

आई शेजारी गवार मोडत बसली होती. कॅबिनेटच्या काचेतून तिने बराच वेळ आत पाहिलं.

"बाकीचे पंखे गरगरतायत. हा आडव्या डब्याचा का गप्प आहे रे?"

तो आडवा डबा म्हणजे ग्राफिक्स कार्ड, अठ्ठावीस हजारांचं. मी मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची वायर आम्ही वर, मदरबोर्डच्याच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाच्याच, पोर्टात खुपसली होती. सगळा गाडा प्रोसेसर आपल्या अंगच्या जेमतेम ग्राफिक्सवर ओढत होता. वायर खाली कार्डात लावली. दोन मिनिटांत पंखा फिरायला लागला आणि नायक धावत सुटला.

"त्याला वायर दिलीच नव्हती होय," आई म्हणाली आणि उरलेली गवार मोडायला लागली.