सगळ्यांच्याच अंगात असलेला विषाणू दोषी कसा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका (निवृत्त आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका).

विषाणूंमुळे कॅन्सर होतो का हे शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. तुमचं म्हणणं असं: एपस्टीन-बार हा हर्पिस कुळातला विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो, मग कॅन्सरच्या रुग्णांत तो सापडला यात नवल ते काय? "संध्याकाळी ठाणे स्टेशनात प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, म्हणून लोकल मोबाइलमुळे लेट होते का?" शिवाय या गृहस्थांनी हर्पिसवर इतकी वर्षं घालवली आणि नोबेल मिळालं ते चामखिळीच्या विषाणूच्या कामाला. आणि हे सगळं वाचून काकू घाबरल्या, कारण त्यांना नुकतीच नागीण उठली आहे.

मोबाइलचा दाखला झकास आहे. रुग्णांच्या रक्तात अँटिबॉडी (संसर्ग होऊन गेल्याची खूण) मिळाल्या, एवढाच पुरावा असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्सुर हाउझेन गाठीच्या पेशींत शिरले. बर्किट लिम्फोमा हा आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या जबड्यात वाढणारा कॅन्सर. त्याच्या गाठीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या 'राजी' नावाच्या पेशींत विषाणूचे कण तयारच होत नसत. सूक्ष्मदर्शकाला तिथे काही दिसत नसे. १९७० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच पेशींत एपस्टीन-बारचा डीएनए दाखवला, रुग्णांच्या गाठींतही दाखवला. निरोगी माणसाच्या रक्तात दर दहा लाख बी-पेशींमागे (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जेमतेम १ ते ५० पेशींत हा विषाणू दडलेला असतो. अशा गाठीत तो पेशीपेशीत असतो.

तरीही तुम्ही म्हणाल, आधी गाठ झाली असेल आणि विषाणू मागून घुसला असेल. रास्त शंका. तिचं उत्तर दुसऱ्या संशोधकांकडून १९८६ मध्ये आलं, नाकामागच्या घशाच्या कॅन्सरवर. पेशीत शिरल्यावर या विषाणूच्या डीएनएची दोन टोकं जुळून कडं तयार होतं, आणि जोडावरच्या तुकड्यांची संख्या दर संसर्गात वेगळी पडते. एका गाठीत मात्र सगळीकडे ती एकच निघाली. म्हणजे विषाणू पहिल्या पेशीत आधी होता, गाठ त्या पेशीपासून वाढली. आता हेही खरं की एकटा विषाणू पुरत नाही. बर्किटमध्ये मलेरियाचा हात असतो, आठव्या गुणसूत्राचा तुकडा भलतीकडे चिकटलेला असतो. म्हणूनच विषाणू जवळपास सगळ्यांच्या अंगात असूनही कॅन्सर फार थोड्यांना होतो.

आता वाया गेलेल्या वर्षांबद्दल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं खापर तेव्हा हर्पिस सिम्प्लेक्स-२ या, जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या विषाणूवर फुटत होतं, कारण त्या रुग्ण बायकांत त्याच्या अँटिबॉडी जास्त सापडायच्या. म्हणजे पुरावा तुमच्या मोबाइलसारखाच! एपस्टीन-बारवर बसलेला हात त्सुर हाउझेन यांनी इथे वापरला, आणि गाठींत हर्पिसचा डीएनए मिळेना. मग ते एचपीव्हीकडे, म्हणजे तुमच्या त्या चामखिळीच्या विषाणूकडे वळले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला प्रकार १६ सापडला, पुढच्या वर्षी १८. अशा सुमारे सत्तर टक्के कॅन्सरांमागे हे दोनच प्रकार असतात. हर्पिस सिम्प्लेक्स-२ एचपीव्हीसारखाच शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून सोबत दिसायचा.

याचा आपल्याकडे काय उपयोग, असंही तुम्ही विचारलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मला तरी यापुढे नोबेल फिकं वाटतं.

काकूंना सांगा, नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होणं. कूळ हर्पिसचं, पण त्या कुळातले कॅन्सर घडवणारे म्हणून मान्य झालेले दोनच: एपस्टीन-बार आणि कापोसी सार्कोमा नावाच्या कॅन्सरचा विषाणू. नागिणीचा विषाणू त्यांत नाही. फक्त पुरळ उठून तीन दिवस झाले नसतील तर आजच डॉक्टरांकडे न्या. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर सर्वांत चांगल्या लागू पडतात. पुरळ डोळ्याजवळ असेल तर तासही मोजत बसू नका.