बारक्या टायरची एमटीबी नव्हे
सायक्लोक्रॉस (चिखला-अडथळ्यांतनं फेरे मारायची सायकल शर्यत) म्हणजे बारक्या टायरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, असं लेखात म्हणलंय, ते काय पटलं नाही राव. सायक्लोक्रॉसच्या सायकलीचं हँडल रोडबाईकसारखं वळलेलं, सस्पेन्शन नसतं, आणि यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटना) नियमानं टायर 33 मिमीच्या वर चालत नाही, माझ्या एमटीबीला 2.25 इंची आहेत म्हणजे 57 मिमी, तरी अजिंक्यताऱ्यावरनं दगडातनं उतरताना हात बधिर होतात. तिकडं बेल्जियममधे थंडीत चिखलातनं तासभर फेरे मारतात, मधे 40 सेमीच्या फळ्या आल्या की सायकल उचलून पळायचं, चढाला चिखल जास्तच असला तर सरळ खांद्यावर! ब्रिटनच्या टॉम पिडकॉकनं दोन्ही मारलंय म्हणा, 2022 ला सायक्लोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियन, 2021 आणि 2024 ला एमटीबीत ऑलिंपिक गोल्ड. आपल्याकडं जुलैत कुठल्याबी शिवारात असला ट्रॅक आयता मिळंल, फक्त कासच्या पठारावर नको, फुलं तुडवली जातील.