‘ऑटोट्यून लावलं की कोणीही गातो’: भजन मंडळांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

विदर्भातल्या खंजेरी भजन मंडळांच्या आणि झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं असं: सूर पक्का नसला तरी आता बिघडत नाही, स्टुडिओवाला ऑटोट्यून या सूर सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरचं बटण दाबतो आणि आवाज सुरात येतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही, मोठे गायक हेच वापरतात, म्हणजे त्यांना गाताच येत नाही, पेटी, खंजेरी, आवाज सगळं एकाच मोबाइलवर घेतलं तरी चालतं. मोठे गायक ते वापरतात एवढं सोडलं, तर यातलं काहीच खरं नाही. आणि यापायी मंडळांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे वाया जातात.

आधी बटणाचं बघू. तुम्हाला कोणता स्वर लावायचा होता, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते फक्त सगळ्यात जवळचा स्वर शोधतं. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. शुद्ध गंधार ६० सेंट उतरला, तर तिथून कोमल गंधार अवघा ४० सेंटवर असतो. बाराही स्वर चालू ठेवले असतील, तर आवाज बिनदिक्कत कोमल गंधारावर जाऊन बसतो. म्हणून आधी पट्टी (गायकाचा षड्ज कुठे आहे ते) आणि स्वर निवडून द्यावे लागतात. सॉफ्टवेअरच्या यादीत मेजर-मायनर ही पाश्चात्त्य सप्तकं सापडतात, भैरवी सापडत नाही. काळी एकमधली (षड्ज सी शार्पवर) भैरवी असेल तर ‘ए मेजर’ निवडा, तेच सात स्वर येतात. गायक मध्येच शुद्ध रिषभ घेत असेल, तर तेवढ्या ओळीपुरता तो हाताने चालू करावा लागतो.

त्याहून मोठा घोळ पेटीचा. सॉफ्टवेअर पांढरी सहा, म्हणजे ‘ए’ हा स्वर, ४४० हर्ट्झला धरून चालतं. गावातली जुनी पेटी तिथे असेलच असं नाही. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप घ्या, पांढरी सहा दाबून धरा आणि आकडा बघा. ४४५ आला तर पेटी जवळपास २० सेंट चढी आहे. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला नाही, तर पेटीशी अचूक जुळवून गाणाऱ्याचाच आवाज खाली ओढला जातो, आणि सुरेल माणूस बेसूर ठरतो.

‘कळतही नाही’ हे तर भजनाला मुळीच लागू नाही. स्वर किती वेगाने ओढायचा, याची मिलिसेकंदात मोजणारी एक खुंटी असते. ती शून्यावर नेली की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) पायऱ्यापायऱ्यांची होते आणि कणस्वर (मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर) पुसला जातो. अमेरिकी गायिका शेर हिच्या १९९८च्या गाण्यात हाच यांत्रिक आवाज मुद्दाम ठेवला होता. अभंगात तो कानाला टोचतो. ती ५०च्या आसपास ठेवून सुरुवात करा. मींडेच्या जागी दुरुस्ती बंदच ठेवा आणि जो स्वर घसरला, तेवढाच पडद्यावरच्या सुराच्या आलेखावर हाताने हलवा. दीड-दोन स्वर ओढून आणायची वेळ आली, तर ती ओळ पुन्हा गाऊन घ्या. इतकं ओढल्यावर आवाजाचा पोतच बदलतो. आणि तुटलेला श्वास, गिळलेला शब्द यांवर या सॉफ्टवेअरकडे इलाज नाही.

‘वापरतो त्याला गाता येत नाही’ हा तर अन्याय आहे. भाव उत्तम लागलेल्या टेकमध्ये (एका खेपेच्या रेकॉर्डिंगमध्ये) एक षड्ज जरासा उतरला, तर तो टेक फेकण्यापेक्षा तो एक स्वर सावरणं केव्हाही बरं.

आता मोबाइलवर एकत्र घेण्याचं. ऑटोट्यून अँडी हिल्डेब्रँड यांनी १९९७ साली आणलं. ते आधी तेलशोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदी तपासत, आणि तेच गणित इथे कामी आलं. एका वेळी एकच आवाज येतो, हे ऑटोट्यून गृहीत धरतं. माइकमध्ये पेटी शिरली असेल, तर आवाजासोबत तीही सरकते, आणि पेटीच्या स्वतःच्या ट्रॅकशी भांडते. ऐकताना सूर डुचमळतो. खंजेरीच्या झांजेमुळे स्वर ओळखण्यातच गफलत होते. कोरसचे चार आवाज एकाच माइकवर असतील, तर त्यांना हात लावू नका.

खंजेरी भजनात अडचण अशी, की गाणाऱ्याच्याच हातात खंजेरी असते, आणि ती काढून घेतली की लय ढिली पडते. म्हणून आधी नेहमीसारखं खंजेरी वाजवत, पेटीसह पूर्ण भजन मार्गदर्शक म्हणून रेकॉर्ड करा. मग गायकाला कान पूर्ण झाकणारा हेडफोन द्या, त्यात तो ट्रॅक ऐकवा, आणि रिकाम्या हाताने फक्त आवाज घ्या. त्यानंतर खंजेरी आणि पेटी वेगवेगळ्या. टिनाच्या शेडमध्ये घुमतं. गाद्या-रजया लावलेली लहान खोली बरी. माइक तोंडापासून वीतभर, जरासा तिरपा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. तीन-चार टेक घ्या. दुरुस्ती आधी, कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज सारखा करणं) आणि रिव्हर्ब (गुंज) नंतर. गुंजेत आधीचा स्वर पुढच्यावर सांडतो आणि सॉफ्टवेअर चकतं.

स्टुडिओला देताना प्रत्येक ट्रॅकची वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज नको. सोबत कागदावर चार गोष्टी लिहा: पट्टी, भजनात लागणारे स्वर, पेटीच्या पांढऱ्या सहाचा आकडा, आणि कोणत्या ओळीतली मींड तशीच ठेवायची.