क्यासनूर कर्नाटकात, म्हणून ताप दोडामार्गात नाही?

‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ अशा शेवटाचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मथळा आहे ‘रक्तस्रावी तापाच्या नावांचं राजकारण’. त्यात पाच दावे आहेत. एक, इबोला, काँगो ताप, डेंग्यू आणि माकडताप हे सगळे एकाच व्हायरसचे आजार, शास्त्रज्ञ फक्त गावागणिक नवं नाव देतात. दोन, नावातच गाव असतं; क्यासनूरचा ताप, म्हणजेच माकडताप, क्यासनूरलाच, तो महाराष्ट्रातल्या माकडांना होत नाही. तीन, इबोलाचं पेटंट अमेरिकन सरकारकडे आहे, म्हणजे तो त्यांनीच बनवला. चार, माकडताप १९५७ साली पुण्यात अमेरिकन पैशावर तयार केला गेला. पाच, २०२३ मध्ये पुरावे पुसायला सगळी नावं गुपचूप बदलली.

असले मेसेज मी एरवी अर्धे वाचून उडवतो. हा उडवता आला नाही, कारण तो मामीने पाठवला होता. मामीची सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात काजूची बाग आहे. फोन केला तर म्हणाली, ‘‘तो ताप कर्नाटकातलो रे, हय खय!’’ आरोग्य खात्याची माणसं देऊन गेलेली, गोचिडी दूर ठेवणाऱ्या डीएमपी तेलाची बाटली तिने माळ्यावर टाकलीय. आधी वास आवडत नव्हता म्हणून, आता गरजच नाही म्हणून. तेव्हा क्रम मोडून आधी दुसऱ्याच दाव्याकडे येतो. बाकीचे चार नुसते डोकं उठवणारे आहेत, हा जिवावर बेतणारा आहे.

क्यासनूर हे शिवमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातलं जंगल. १९५७ च्या मार्चमध्ये तिथे माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने पडली. आधी विषमज्वराचा संशय होता. माकडंही मरताहेत हे कळल्यावर पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती बसली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), माकडांच्या आणि रुग्णांच्या नमुन्यांतून व्हायरस वेगळा काढला, तर तो निराळाच निघाला. जिथे सापडला त्या जंगलाचं नाव त्याला चिकटलं. एवढीच त्या नावाची गोष्ट आहे. व्हायरस पहिल्यांदा कुठे हाती लागला ते नाव सांगतं. तो कुठवर पसरलाय किंवा उद्या कुठे जाईल, याच्याशी नावाचा संबंध नाही.

आणि हा व्हायरस गेला की बाहेर. २०१२ मध्ये बंडीपूरच्या जंगलात सापडला, मग वायनाड आणि निलगिरीत. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात रुग्ण निघाले आणि २०१६ मध्ये दोडामार्गात. मामीच्या तालुक्यात! मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो अडाणी, ठाऊक असून लिहिलं असेल तर त्याला दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही. आणखी लांबचं उदाहरण हवं असेल तर सौदी अरेबियाचं घ्या. १९९० च्या दशकात तिथे जेद्दाच्या रुग्णांत एक व्हायरस मिळाला, त्याला अलखुमरा म्हणतात. त्याची जनुकीय रचना तपासली तर तो क्यासनूरच्या व्हायरसचाच जवळचा भाऊबंद निघाला, इतका जवळचा की दोघे एकाच प्रजातीत मोडतात. क्यासनूर आणि जेद्दा यांच्यामध्ये अख्खा अरबी समुद्र आहे. नावावरून हद्द ठरवायची तर ही हद्द कुठे आखणार?

गावाचं नाव किती फसवं असतं, याचा सगळ्यात ठळक नमुना खुद्द इबोला आहे. १९७६ ची साथ झाईरमधल्या यांबुकू नावाच्या गावात आली. पण यांबुकूचं नाव दिलं तर ते गाव कायमचं बदनाम होईल, १९६९ मध्ये लासा तापाच्या नावाने नायजेरियातल्या लासा गावाचं झालं तसं, म्हणून शास्त्रज्ञांनी मुद्दाम एका नदीचं नाव उचललं. ती इबोला नदी यांबुकूपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. म्हणजे नावात जी जागा आहे तिथे ती साथ आलीच नव्हती. मारबुर्ग तापाचं मारबुर्ग तर जर्मनीतलं विद्यापीठाचं शहर. १९६७ मध्ये तिथल्या, फ्रँकफर्टच्या आणि बेलग्रेडच्या प्रयोगशाळांतली आणि त्यांच्या संपर्कातली ३१ माणसं आजारी पडली, ७ गेली. व्हायरस आला होता युगांडातून आणलेल्या माकडांबरोबर. म्हणून मारबुर्ग तापाला कोणी ‘जर्मन ताप, आफ्रिकेत होत नाही’ म्हणत नाही. अंगोलात २००४-०५ मध्ये त्याने दोनशेहून जास्त बळी घेतले.

या बदनामीच्या भानगडीमुळेच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये सांगून टाकलं की नव्या आजाराला गाव, देश, माणूस, प्राणी यांची नावं देऊ नका. जुनी नावं बहुतेक तशीच राहिली, कारण ती बदलली तर जुने शोधनिबंध आणि नोंदी जुळवणं कठीण होतं. आपलं ‘माकडताप’ या नियमात बसणार नाही, बिचारी माकडं त्यात उलट स्वतःच मरतात.

आता बागेतलं सांगतो. हा व्हायरस गोचिडींत राहतो. माणसाला चावते ती बहुतेक वेळा गोचिडीची अर्धवट वाढलेली अवस्था, खसखशीच्या दाण्याएवढी. ती चावली तरी कळत नाही. वानर किंवा केलडी (लाल तोंडाचं माकड) या तापाने मेली की तिच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की हात न लावता कळवायचं असतं, म्हणजे त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी टाकतात. तापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि काजूच्या बिया पातेऱ्यातून वेचायचा हंगामही नेमका त्यातच. बाया वाकून, हात पाचोळ्यात घालून तासन्‌तास बिया वेचतात. हातापायाला लावायचं ते तेल त्यासाठी आहे. शंभरातली तीन ते पाच माणसं या तापाने दगावतात. गेली काही वर्षं त्याची लसही मिळत नाही. जुनी लस फारशी लागू पडत नव्हती, म्हणून वापरातून गेली. उरलं ते तेल, अंगभर कपडे आणि घरी आल्यावर अंग नीट तपासणं. आणि मेसेज म्हणतो, तुम्हाला होत नाही.

आता पहिला दावा: सगळे एकच. यात एक अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. ‘रक्तस्रावी ताप’ हे व्हायरसच्या कुळाचं नावच नाही. ते डॉक्टरांनी लक्षणांवरून पाडलेलं पोतं आहे, त्यात बऱ्याच वेगळ्या कुळांचे व्हायरस कोंबलेत. इबोला आणि मारबुर्ग फिलोव्हिरिडी कुळातले, लासा अरेनाव्हिरिडीतला, काँगो ताप नैरोव्हिरिडीतला, डेंग्यू आणि माकडताप फ्लॅव्हिव्हिरिडीतले. त्यातही प्रत्येक रुग्णाला रक्तस्राव होतोच असं नाही. म्हणूनच इबोलाच्या नावामागचं ‘रक्तस्रावी ताप’ काढून आता ‘इबोला व्हायरस डिसीज’ म्हणतात आणि डेंग्यूतही २००९ पासून जागतिक आरोग्य संघटना ‘गंभीर डेंग्यू’ म्हणते. म्हणजे पोतं एक आहे हे खरं, आतला माल एक नाही.

हे कुळ ठरवतं कोण? आंतरराष्ट्रीय व्हायरस वर्गीकरण समिती, आयसीटीव्ही. तिची अख्खी यादी फुकटात बघता येते, मेसेज लिहिणाऱ्यालाही बघता आली असती. व्हायरसचा आरएनए की डीएनए, त्याची मांडणी, जनुकीय क्रम किती जुळतो, कोणत्या प्राण्यात वा किड्यात राहतो, यावर ती कुळ, प्रजाती ठरवते. गाव बघून नाही. आणि दोन नावांचे व्हायरस खरोखरच एक निघाले तर? त्याचंही उत्तर इतिहासात आहे. १९४४ मध्ये क्रायमियात सोव्हिएत सैनिकांना एक ताप आला. १९५६ मध्ये काँगोत एका रुग्णात एक व्हायरस मिळाला. १९६९ मध्ये लक्षात आलं की हे दोन्ही एकच. मग नावंही जोडून टाकली, क्रायमियन-काँगो. २०११ मध्ये हाच गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात निघाला आणि तो पुण्याच्या एनआयव्हीने ओळखला. एकच व्हायरस असेल तर शास्त्रज्ञ लपवत नाहीत, उलट नावं एकत्र करतात.

उलट बाजूही बघा, कारण इथे वर्गीकरण नुसतं कागदावर राहत नाही. इबोलाच्या गटात सहा प्रजाती मानतात: झाईर, सुदान, बुंडीबुग्यो, ताई फॉरेस्ट, रेस्टन, बोंबाली. रेस्टन १९८९ मध्ये अमेरिकेत फिलिपिन्समधून आलेल्या माकडांत सापडला. माणसांना त्याची लागण झाली, पण कोणी आजारी पडलं नाही. त्याच गटातला झाईर माणसं मारतो. त्यावरची एर्वेबो लस २०१९ मध्ये मंजूर झाली, पण ती झाईरपुरतीच. २०२२ मध्ये युगांडात सुदान व्हायरसची साथ आली तेव्हा ती लस हाताशी असूनही कामाची नव्हती. १४२ जण पक्के बाधित निघाले, त्यातले ५५ गेले. ‘सगळे एकच’ म्हणणाऱ्याने हा हिशोब जुळवून दाखवावा. मेसेजच्या तळाला सगळ्या तापांवर चालणारा एक काढाही आहे. त्याबद्दल एवढंच म्हणतो की रक्तस्रावाचा धोका असलेल्या तापात मनानेच अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका आणि काढ्यावर दिवस काढू नका.

पेटंट. हो, आहे. अमेरिकन सरकारने खरंच घेतलंय. पण कशाचं? बुंडीबुग्योचं, म्हणजे २००७ मध्ये युगांडात आलेल्या साथीतल्या रुग्णांकडून मिळालेल्या व्हायरसचं. पेटंटात तो रुग्णांतून वेगळा काढला असंच म्हटलंय, बनवला असं नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४-१६ मध्ये ज्याने अकरा हजारांहून जास्त माणसं मारली तो झाईर, तो या पेटंटात नाही. निसर्गातल्या व्हायरसवर सरकारने मालकी सांगावी का, यावर मी मेसेजवाल्याबरोबर बसून भांडायला तयार आहे, माझंही मत फारसं वेगळं नाही. पण पेटंट घेतलं म्हणजे तयार केलं, ही उडी कुठल्याही पुराव्यावर टिकत नाही.

पुण्यातला दावा वाचून हसू आलं, आणि मग वाटलं की हा संशय एकदम हवेतून आलेला नाही. व्हायरस रिसर्च सेंटर १९५२ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून काढलं, हे खरं. क्यासनूरचा व्हायरस सैबेरियातल्या ओम्स्क तापाच्या आणि रशियन मेंदूज्वराच्या व्हायरसचा नातेवाईक निघाला, तेव्हा स्थलांतर करणारे पक्षी तो आणत असतील का, अशी शंका आली. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायचा प्रकल्प जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू केला, पुढे त्यात अमेरिकन लष्कराचा पैसाही आला. त्यावरून बोंब झाली आणि १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय पैशावरच्या अशा संशोधनांवर ताशेरे मारले. मारायलाच हवे होते. पण व्हायरस तयार केला म्हणणं वेगळं. डीएनएची रचनाच कळली १९५३ मध्ये. व्हायरसचा नुसता रासायनिक क्रम पाहून तो प्रयोगशाळेत उभा केला गेला तो पहिल्यांदा २००२ मध्ये, तोही पोलिओचा. १९५७ मध्ये पुण्यात बसून माकडतापाचा व्हायरस ‘बनवायला’ ज्या ज्ञानाची गरज होती, ते जगात कुठेच नव्हतं.

राहिला २०२३ चा. गुपचूप वगैरे काही नाही. व्हायरसच्या प्रजातींना इतर सजीवांसारखी दोन शब्दांची नावं द्यायची, हे आयसीटीव्हीने २०२१ मध्ये मतदानाने ठरवलं आणि २०२३ अखेरची मुदत घातली. बदललं ते फक्त वर्गीकरणाच्या यादीतलं नाव. व्हायरसचं नाव आणि आजाराचं नाव होतं तेच आहे, डॉक्टर तेच लिहितात, तपासणीच्या कागदावर तेच येतं. माकडतापाच्या व्हायरसच्या प्रजातीचं नवं नाव आहे ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस क्यासनूरेन्स. जंगलाचं नाव अजून तिथेच बसलंय. पुरावा पुसायचा होता तर निदान तेवढं तरी पुसलं असतं.