अहो कॉम्प्युटर!

पहाटे पावणेपाच वाजता, अभ्यंगस्नान न करता, डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या पटांगणात मी लॅपटॉपपुढे मांडी घालून बसलो होतो, आणि लॅपटॉप म्हणत होता, ‘ऑडिओ डिव्हाइस सापडलं नाही’. ते डिव्हाइस, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी डबी, त्याच्या उजव्या कुशीला, वीतभर अंतरावर, वायरीने त्यालाच बांधलेलं होतं. हिरवा दिवाही लागलेला. फ्रीज उघडून त्यासमोर उभं राहून ‘लोणी कुठंय?’ विचारणाऱ्या नवऱ्यांच्या जातीचा लॅपटॉप आहे हा. नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी आंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं म्हणतात. मला कुठे जायची गरजच पडली नाही.

साडेपाचला दिवाळी पहाट. तिसऱ्यांदा वायर काढून घातल्यावर डिव्हाइस सापडलं. मग तडतड सुरू झाली. आणि तडतडीपाठोपाठ आमच्या तबलजीचे सासरे आले.

यांना कोणी बोलावलं नव्हतं. जावयाच्या गाडीत जागा होती म्हणून आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त, शिवाय भजनी मंडळात पंचवीस वर्षं पेटी. अंगाला उटण्याचा वास, हातात चिवड्याची वाटी, आणि ती वाटी थेट माझ्या कीबोर्डच्या वर. कार्यक्रमपत्रिकेत तबला, बासरी यांच्याखाली, लॅपटॉपवरून वाद्यं वाजवणाऱ्या माझ्या नावापुढे ‘कॉम्प्युटर’ असं छापलं होतं. त्यांनी ते वाचलं असावं.

“अहो कॉम्प्युटर, फटाके भरलेत का आत?”

“बफर कमी पडतोय, काका.”

“मग वाढवा की.”

“वाढवला की आवाज उशिरा येतो.”

त्यांना बफर समजावून सांगायची दुर्बुद्धी मला का झाली, ते दिवाळीच जाणे. म्हटलं, पंगत बसलीय असं समजा. स्पीकर हा जेवणारा, लॅपटॉप हा वाढपी. आवाजाची सेकंदाला ४४,१०० शितं वाढायची आहेत. एकेक कोण वाढणार, म्हणून १२८ शितांचा एकेक डाव, तोच बफर. पण वाढपी मध्येच वाय-फायशी गप्पा मारायला कोपऱ्यात गेला, की पान रिकामं. रिकामं पान म्हणजे तडतड. १,०२४ चा डाव घेतला तर पान रिकामं होत नाही, पण डाव भरायलाच तेवीस मिलिसेकंद जातात.

“तेवीस म्हणजे किती?”

“तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो.”

काकांनी वाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि बोटांवर हिशेब केला. “सव्वीस फूट. म्हणजे तुम्ही पट्टी दाबणार इथे, आणि वाजणार त्या तुळशीवृंदावनापाशी?”

“साधारण तसंच.”

“मग तिथेच जाऊन का बसत नाही?”

या प्रश्नाला उत्तर आहे. पण पहाटे पाच वाजता, मांडीवर चिवडा असताना, ते सुचत नाही. काका मात्र पावलं मोजत तुळशीपर्यंत गेले आणि तिथून सगळ्या बिल्डिंगींना ऐकू जाईल असे ओरडले, “अहो कॉम्प्युटर, इथे वेळेवर येतोय!” दोन खिडक्यांत दिवे लागले.

मी वाय-फाय बंद केलं. तडतड थांबली, बफर २५६ वर आणता आला. तेवढ्यात संतूरने ओळखपत्र मागितलं. म्हणजे लॅपटॉपमध्ये संतूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने, प्लगइनने. परवाना तपासायचाय, इंटरनेट जोडा. पैसे भरून, पावती घेऊन विकत घेतलेलं संतूर आहे हे. माझ्या ओळखीतल्या एकाने तेच संतूर चोरून उतरवलंय, त्याचं कधीच काही विचारत नाही, मुकाट वाजतं. तिकीट काढलेल्यालाच टीसीने दर स्टेशनला उठवावं आणि विनातिकीटवाल्याने खिडकीत घोरावं, तसला न्याय. फोनचा हॉटस्पॉट लावला, संतूरची खात्री पटवली, वाय-फाय पुन्हा बंद केलं. पाच वाजून बारा मिनिटं.

आता घूंऽऽ.

काकांचा हात वर गेला. डोळे मिटले. “पांढरी पाच,” ते पेटीची पट्टी सांगावी तसे म्हणाले, “जराशी चढी.”

घरी येऊन मी हिशेब केला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. पांढरी पाचचा त्या खालच्या सप्तकातला सूर ४९ हर्ट्‌झ. म्हणजे पांढरी पाच, जराशी चढी. या माणसाचा कान पूर्णपणे शाबूत आहे, हे मला अजून पचलेलं नाही.

“अर्थिंग बघा,” काका म्हणाले. मला ते माहीत होतं! माझा चार्जर लिफ्टच्या खोलीतल्या बोर्डावर, आवाजाचा मिक्सर मंडपाच्या खांबावरच्या बोर्डावर, दोघांना दोन वाटांनी जमीन मिळत होती आणि त्या दोन वाटांचं मिळून वर्तुळ झालं होतं. अशा वेळी मध्ये घालायची ट्रान्सफॉर्मरची डबी असते. ती माझ्याकडे आहे. घरी आहे. हे मी सांगणार, एवढ्यात काकांनी चार्जरची पिन उपटली. घूं बंद. मांडवात टाळ्या पडल्या. त्या कार्यक्रमातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

या गडबडीत डिव्हाइस पुन्हा हरवलं. पुन्हा सापडलं तेव्हा ते ४४,१०० ऐवजी ४८,००० वर बसलं होतं. सीडी ४४,१०० ची आणि व्हिडिओ ४८,००० चा, हा घोळ आमच्यासारख्यांच्या पाचवीला पुजलेला. आणि आदल्या रात्री मी भाचीचा नाचाचा व्हिडिओ नीट करून दिला होता. लॅपटॉप ४४,१०० च्या हिशेबाने वाढतोय आणि डिव्हाइस ४८,००० च्या वेगाने खातंय, म्हणजे सगळे सूर वर. जवळजवळ दीड पट्टी. गायिकेची पट्टी काळी पाच. तिथून दीड वर गेलं की पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्या फटीत सूर पडतो, जिथे पेटीवर काळी पट्टीसुद्धा नसते. बाईंनी डोळे मिटून ‘सा’ लावला, उघडले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चिवड्याची वाटी लपवली.

“असा सा आमच्या मंडळात एकदा लागला होता,” काका म्हणाले. “उंदराने भाता कुरतडला होता.”

पेटीला निदान उंदीर लागतो. माझं ते डिव्हाइस, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, सहा वर्षांचं, धडधाकट. पण कंपनी म्हणते, नव्या विंडोजला या मॉडेलची ओळख करून देणारा ड्रायव्हर निघणार नाही, नवीन मॉडेल घ्या. म्हणून मी धर्मशाळेसारखा कुणालाही चालणारा ड्रायव्हर वापरतो आणि धर्मशाळेसारखीच व्यवस्था मिळते. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात एका अमेरिकन आणि एका जपानी कंपनीचे सिंथेसायझर मिडीच्या, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेच्या, वायरीने जोडून दाखवले होते. त्या काळची पाच पिनांची वायर आजच्या कित्येक कीबोर्डनाही चालते. चाळीस वर्षांपूर्वी स्पर्धकांनी एकत्र बसून ठरवलेलं अजून चालतंय, आणि माझ्या इंटरफेसला त्याचीच कंपनी ओळख देत नाही. बरं, तक्रार केली की आधी विचारतात, ‘वायर नीट खोचली आहे का?’ असो.

पाच एकतीसला सुरू झालो. बॅटरी तासभराची, कार्यक्रम दोन तासांचा. चार्जर लावला की घूं, काढला की मरण. तोड काकांनीच काढली, आणि ती चांगली होती याचा मला राग आहे. निवेदिका बोलायला लागली की मी आवाजाचा फेडर खाली घ्यायचा आणि काकांनी पिन खोचायची. गाणं सुरू व्हायच्या आधी पिन बाहेर. दोन तास हा गृहस्थ स्टेजवर, माझ्या शेजारी, फोकसमध्ये, पिन हातात धरून बसला होता. प्रेक्षकांना तो वादक वाटला असावा, कारण शेवटी त्याला नारळ मिळाला. आयुष्यात पहिल्यांदाच निवेदिका लांबवावी असं मला वाटत होतं. प्रत्येक गाण्याला ती कवीचं बालपण, पाऊस, प्राजक्त असं सगळं सांगत होती आणि बॅटरी चार-चार टक्के चढत होती.

पण भैरवीच्या आधी कोणीतरी तिला खुणावलं की फराळाचे स्टॉल उघडलेत. ती एका वाक्यात उरकून मोकळी झाली. बॅटरी तीन टक्के. बाईंनी आलाप सुरू केला. काका पिन घेऊन वाकले.

“लावू?”

“लावा.”

“अहो कॉम्प्युटर, काळी पाचला पांढरी पाच म्हणजे धैवत येतो. शुद्ध. भैरवीत कोमल लागतो.”

“मिश्र भैरवी म्हणू, काका. लावा.”

“पण चढा आहे,” म्हणाले, आणि खोचली.